शुक्रवारी दुपारीच पोहोचा: मिलवॉकीतला एक वीकएंड

भारतातून आलेल्या आई-बाबांना शिकागो दाखवून झालं की मिडवेस्टातल्या मराठी घरांत एकच प्रश्न उरतो, आता कुठे न्यायचं? नायगारा लांब आहे आणि न्यूयॉर्क महाग. तासा-दीड तासावरच्या मिलवॉकीचं नाव मात्र क्वचितच निघतं. निघालंच तर शनिवारी सकाळी जायचं, म्युझियमसमोर फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत यायचं, असा बेत ठरतो. अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर असल्यामुळे तो मोह होतो हे खरं. पण या शहराची सगळ्यांत चांगली संध्याकाळ शुक्रवारची असते आणि दिवसाच्या सहलीत नेमकी तीच हुकते. म्हणून हा सगळा बेत शुक्रवार दुपारपासून रविवार दुपारपर्यंतचा आहे.

कधी जायचं

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. मे महिन्यातही कॅलेंडर उन्हाळा म्हणतं, पण शहराला लागून असलेल्या लेक मिशिगन या तळ्यावरून येणारा वारा ते मानत नाही. गावाबाहेर २५ अंश असताना किनाऱ्यावर १५ असणं इथे नेहमीचं आहे. त्यामुळे जुलैतसुद्धा पाठीवरच्या पिशवीत एक जाकीट हवंच, आई-बाबांसाठी तर नक्कीच.

जूनच्या उत्तरार्धात आणि जुलैच्या सुरुवातीला समरफेस्ट हा मोठा संगीत महोत्सव असतो. १९६८ पासून चालू आहे, तळ्याकाठच्या कायमस्वरूपी मैदानावर भरतो आणि हल्ली तीन वीकएंडना विभागलेला असतो. संगीतासाठीच जायचं असेल तर उत्तम. शहर बघायचं असेल तर तेवढे दिवस टाळा, कारण हॉटेलचे दर चढतात. नंतर त्याच मैदानावर जर्मन, आयरिश, मेक्सिकन असे एकेका समाजाचे उत्सव होतात. ऑगस्टमधला आयरिश फेस्ट त्यांतला खास.

माझी पसंती सप्टेंबरअखेरीला. तेव्हा ‘डोअर्स ओपन’ नावाचा वीकएंड असतो आणि एरवी बंद असलेल्या जुन्या इमारती, चर्चं, कारखाने लोकांसाठी मोफत उघडतात. तारीख दरवर्षी पाहून घ्यावी. हिवाळ्यात जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण मग तळ्याकाठचा शनिवार विसरा.

कसं यायचं आणि कुठे उतरायचं

शिकागोहून येत असाल तर गाडी घरी ठेवा. युनियन स्टेशनवरून ॲमट्रॅकची हायवाथा दिवसातून अनेकदा सुटते आणि साधारण दीड तासात मिलवॉकीच्या मुख्य स्टेशनात आणून सोडते. वाटेत एक थांबा मिलवॉकी विमानतळाचाही आहे, म्हणजे दुसऱ्या राज्यातून विमानाने येणाऱ्यांचीही सोय होते. शुक्रवारी दुपारनंतरच्या गाड्या भरतात, तिकीट आधी काढावं आणि दोनच्या आत पोहोचेल अशी गाडी धरावी. दोनच का, ते पुढे येईलच.

स्टेशनच्या बाहेरच ‘हॉप’ ही ट्राम मिळते. २०१८ साली सुरू झाली आणि तेव्हापासून तिला तिकीट नाही. स्टेशन, थर्ड वॉर्ड, सिटी हॉलचा परिसर हे सगळं तिच्या मार्गावर येतं. हॉटेल याच पट्ट्यात घ्या. थर्ड वॉर्ड असेल तर उत्तम, नाहीतर नदीच्या पूर्वेचं डाउनटाउन. हायवेलगतचं स्वस्त हॉटेल घेतलंत तर वाचलेले पैसे उबरवाल्याला द्याल.

गाडीनेच येणार असाल तर एक लक्षात ठेवा: मिलवॉकीत रस्त्यावर रात्रभर गाडी उभी करायला शहराची परवानगी लागते. हॉटेलचं पार्किंग किती पडतं ते आरक्षणाच्या वेळीच विचारा.

शुक्रवार दुपार: सिटी हॉल आणि वाकडे पूल

सामान टाकून सरळ सिटी हॉल गाठा. १८९५ची ही जर्मन वळणाची इमारत, मनोरा १०८ मीटरच्या आसपास. बाहेरून ती केव्हाही दिसते. आतला आठ मजली उंच चौक मात्र कचेरी चालू असतानाच बघता येतो, म्हणजे शनिवार-रविवारी नाही. दोनच्या आत पोहोचा म्हटलं ते यासाठी. मध्यभागी उभं राहून वर बघायचं, दहा मिनिटांचं काम आहे. सरकारी कचेरी इतकी देखणी असू शकते हे आपल्याकडच्या माणसाला तिथे उभं राहिल्याशिवाय पटत नाही.

तिथून नदीवर उतरा. मिलवॉकी नदीच्या दोन्ही काठांनी पायवाट आहे, तिला रिव्हरवॉक म्हणतात. दक्षिणेकडे चालत थर्ड वॉर्डपर्यंत या. चालताना पुलांकडे लक्ष द्या, कारण बरेच पूल नदीला तिरके आहेत. यामागे शुद्ध भांडण आहे. १८३०च्या दशकात नदीच्या पूर्वेला सॉलोमन जूनोने वस्ती वसवली आणि पश्चिमेला बायरन किलबर्नने. किलबर्नला पूर्वेकडच्या लोकांशी संबंधच नको होता, म्हणून त्याने आपले रस्ते मुद्दाम समोरच्या रस्त्यांशी जुळू दिले नाहीत. पुढे पूल बांधायची वेळ आली तेव्हा ते कोणी बांधायचे, कोणाच्या पैशाने, यावरून हाणामारीपर्यंत गेलं. १८४५ साली पूल तोडण्याचे प्रकार झाले. इथे त्याला ‘ब्रिज वॉर’ म्हणतात. पुढच्याच वर्षी, १८४६ मध्ये, सगळ्या वस्त्या मिळून एक शहर झालं. रस्ते जुळायचे राहिले ते राहिलेच.

विस्कॉन्सिन अव्हेन्यूच्या पुलावर बदकाचा छोटा कांस्य पुतळा आहे, तो चुकवू नका. १९४५ साली, महायुद्ध संपत आलेलं असताना, एका बदकीने या पुलाखालच्या लाकडी खांबावर अंडी घातली. वर्तमानपत्रांनी तिला गर्टी नाव दिलं आणि रोज लोक तिला बघायला पुलावर गर्दी करू लागले. लहान मुलं बरोबर असतील तर हा दुपारचा सर्वांत यशस्वी थांबा ठरेल.

थर्ड वॉर्ड म्हणजे जुन्या गोदामांचा भाग. १८९२च्या ऑक्टोबरात इथे प्रचंड आग लागली, चारशेहून जास्त इमारती गेल्या आणि मुख्यतः आयरिश असलेली जवळजवळ दोन हजार माणसं बेघर झाली. आज दिसणारी विटांची गोदामं बहुतेक त्यानंतरची. आता त्यांत दुकानं, नाट्यगृहं, घरं आहेत. शहरात इतरत्र जुन्या इमारतींच्या विटा फिकट पिवळ्या, सायीच्या रंगाच्या दिसतील. इथल्या चिकणमातीतूनच तो रंग येतो आणि त्यावरून मिलवॉकीला ‘क्रीम सिटी’ म्हणतात. अनेकांना ते नाव दुधावरून पडलं असं वाटतं. मिलवॉकी ज्या राज्यात आहे ते विस्कॉन्सिन दूध-चीजसाठीच ओळखलं जातं, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविकही आहे.

शुक्रवार रात्र: फिश फ्राय

ही या बेतातली मुख्य गोष्ट, म्हणून जरा सविस्तर.

शुक्रवारी संध्याकाळी मिलवॉकीत जवळजवळ प्रत्येक बारमध्ये, चर्चच्या तळघरात, सपर क्लब म्हणतात त्या जुन्या वळणाच्या जेवणघरांत तळलेले मासे मिळतात आणि सगळं गाव तेच खायला बाहेर पडतं. मूळ कारण धार्मिक आहे: जर्मन आणि पोलिश कॅथलिक मंडळी शुक्रवारी मांस खात नसत. मग १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी आली. बिअरवर जगणारे बार रिकामे पडले, तेव्हा मालकांनी तळ्यातले स्वस्त मासे तळून गिऱ्हाईक टिकवलं. दारूबंदी गेली, मासे राहिले. आता ज्यांना उपवासाशी देणंघेणं नाही तेही रांगेत असतात.

पानात येतं ते असं: तळलेला मासा, राय ब्रेड, कोबीचं कोलस्लॉ, टार्टर सॉस आणि फ्रेंच फ्राइज किंवा बटाट्याचे पॅनकेक. पॅनकेकच मागा. किसलेल्या बटाट्याचे, कडेने कुरकुरीत, सफरचंदाच्या सॉसबरोबर येतात. मासा निवडताना कॉड हा बेतशीर पर्याय, पण मिळाला तर यलो पर्च घ्या. लहान, पातळ, चवीला नाजूक मासा, कोकणातल्या जिभेला पटेल असा. हा एकेकाळी समोरच्याच तळ्यातून येई. मासे इतके घटले की १९९६ साली विस्कॉन्सिनने लेक मिशिगनमधली त्याची व्यापारी मासेमारी थांबवली, त्यामुळे आता तो बाहेरून आणतात आणि महाग पडतो.

जागा कुठली, यावर इथले लोक तासभर वाद घालतील. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी लेकफ्रंट ब्रूअरी सुचवते. १९८७ साली सुरू झालेली ही बिअरची भट्टी नदीकाठच्या एका जुन्या वीजघरात आहे. शुक्रवारी मोठ्या हॉलमध्ये लांब बाकं मांडतात आणि पोल्का हे नाचाचं संगीत वाजवणारा बँड असतो. सत्तरीची जोडपी नाचायला उठतात आणि कोणी त्यांच्याकडे वळूनही बघत नाही. साडेपाचच्या आत पोहोचलात तर बरं, सातनंतर थांबावं लागेल. गल्लीतल्या साध्या बारमध्ये जायचं असेल तर हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाला ‘तू स्वतः कुठे जातोस’ असं विचारा. ‘चांगलं कुठलं’ विचारलंत तर तो पर्यटकांची यादी पुढे करेल.

दारू घेणाऱ्यांनी इथे ब्रँडी ओल्ड फॅशन्ड मागावं. बाकीच्या अमेरिकेत हे पेय व्हिस्कीचं असतं, विस्कॉन्सिनमध्ये ब्रँडीचं. लगेच प्रश्न येईल, स्वीट, सावर की प्रेस? स्वीट म्हणजे वर लिंबाचा गोड सोडा, सावर म्हणजे आंबटसर सोडा, प्रेस म्हणजे निम्मा गोड आणि निम्मा साधा. पहिल्यांदा प्रेस घ्या.

शाकाहाऱ्यांसाठी स्पष्ट सांगते: ही रात्र तुमच्यासाठी बनलेली नाही, पण उपाशीही राहणार नाही. तळलेले चीज कर्ड मागवा. ताज्या चीजचे गोळे पिठात बुडवून तळलेले, आपल्या भज्यांसारखेच गरम असताना संपवायचे. बटाट्याच्या पॅनकेकमध्ये सहसा अंडं असतं. हे सगळं मासे तळलेल्याच तेलात तळलेलं असण्याची शक्यता मोठी, ते चालत नसेल तर आधी विचारा, विचारलेलं कोणाला वावगं वाटत नाही. अगदीच नको असेल तर ईस्ट साइडवर नॉर्थ अव्हेन्यूला ‘बीन्स अँड बार्ली’ आहे, तिथे शाकाहारी पदार्थ भरपूर मिळतात.

शनिवार सकाळ: तळं आणि पंख

मिलवॉकी आर्ट म्युझियम दहाला उघडतं. तुम्ही त्याच्या दहा मिनिटं आधी बाहेर, पुलावर उभे असायला हवं. सांतियागो कालात्राव्हा या स्पॅनिश वास्तुकाराने केलेला नवा भाग २००१ मध्ये उघडला. अमेरिकेत पूर्ण झालेली ही त्याची पहिली इमारत. तिच्या माथ्यावर पोलादी पात्यांचे दोन प्रचंड पंख आहेत, टोकापासून टोकापर्यंत सुमारे ६६ मीटर. म्युझियम उघडताना ते पसरतात, दुपारी बाराला एकदा मिटून पुन्हा उघडतात, बंद होताना मिटतात. वारा ताशी ३७ किलोमीटरच्या वर सलग तीन सेकंद टिकला की यंत्रणा पंख आपोआप मिटवते, म्हणून वादळी दिवशी निराशा होऊ शकते. आठवड्यातले काही दिवस म्युझियम बंद असतं, सोमवार-मंगळवारचा बेत करू नका.

आत जायचं का? चित्रांची आवड असेल तर नक्की. जॉर्जिया ओकीफ या चित्रकर्तीचा जन्म विस्कॉन्सिनचा आणि तिच्या कामाचा इथला संग्रह मोठा आहे. आवड नसेल तर तिकिटाचे पैसे वाचवून बाहेरून पंख बघा आणि उत्तरेला चालू लागा. यात कमीपणा काही नाही.

ही चाल म्हणजे शनिवारचा गाभा. उजव्या हाताला लेक मिशिगन. आपण ‘तळं’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पलीकडचा काठ येतो. इथे तो नाहीच. क्षेत्रफळ गोव्याच्या पंधरापट. लाटा आहेत, वाळू आहे, क्षितिज आहे, फक्त खारा वास नाही आणि पाणी जुलैतही बोचरं थंड. बाबा काही वेळ ‘पण हे गोडं पाणी आहे?’ असं विचारत राहतील, तयारी ठेवा.

किनाऱ्याचा एवढा मोठा भाग बागांना आणि चालण्याला मोकळा आहे, त्याला इथलं राजकारणही कारण आहे. १९१० ते १९६० या काळात मिलवॉकीने तीन समाजवादी महापौर निवडून दिले, त्यांतला डॅनियल होन तर २४ वर्षं खुर्चीत होता. क्रांतीपेक्षा गटारं, पाणी आणि बागा यांतच त्यांचं लक्ष, म्हणून इतर समाजवादीच त्यांना ‘गटार-समाजवादी’ म्हणून हिणवत. बागा तुमच्यासमोर आहेत.

व्हेटरन्स पार्कच्या हिरवळीवर पतंग उडत असतात. पुढे कोलेक्टिव्हो कॉफीचं दुकान लागेल, तिथे थांबा. ही इमारत १८८८ची. नदी कारखान्यांच्या घाणीने इतकी तुंबली होती की तळ्याचं पाणी पंपाने नदीत सोडून ती धुवायची, त्यासाठी हे पंपघर बांधलं. तो पंप अजून आत दिसतो. कॉफी घेऊन ब्रॅडफर्ड बीचवरून वर लेक पार्ककडे चढा. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने हे उद्यान आखलं. तिथलं नॉर्थ पॉइंट दीपगृह वीकएंडला दुपारी उघडतं आणि वर चढता येतं. म्युझियमपासून इथवर साडेतीन-चार किलोमीटर होतात. गुडघे दुखणाऱ्यांनी कॉफीपाशीच थांबावं आणि बाकीच्यांनी त्यांना परत येताना घ्यावं.

शनिवार दुपार: एकच निवडा

जेवण पब्लिक मार्केटमध्ये, थर्ड वॉर्डात. २००५ साली उघडलेली ही बंदिस्त मंडई आहे, प्रत्येकाला वेगळं खायचं असेल तर यासारखी जागा नाही. वरच्या मजल्यावर बसायला टेबलं आहेत.

मग दोनपैकी एक. हार्ली-डेव्हिडसन म्युझियम (कंपनीची सुरुवात १९०३ची, म्युझियम २००८चं) मोटरसायकलशी संबंध नसलेल्यांनाही मी सुचवते, ते एका गंजलेल्या गाडीसाठी. २०११च्या त्सुनामीत जपानमधून वाहून गेलेली ही हार्ली दुसऱ्या वर्षी कॅनडाच्या किनाऱ्याला लागली. कंपनीने मालकाला ती दुरुस्त करून द्यायची तयारी दाखवली. त्याने नको म्हटलं, गेलेल्यांच्या स्मरणार्थ ती आहे तशीच ठेवा असं सांगितलं. ती तशीच ठेवली आहे.

दुसरा पर्याय ब्रूअर्स या इथल्या संघाचा बेसबॉल सामना. मैदानाला सरकतं छप्पर आहे, त्यामुळे पावसाची चिंता नाही. सहाव्या डावात माणसं सॉसेजचे मोठे पोशाख घालून धावण्याची शर्यत लावतात आणि क्रिकेटवर वाढलेले आपले लोक सामन्यापेक्षा त्यालाच जास्त टाळ्या वाजवतात. मैदान डाउनटाउनपासून लांब आहे, जायची सोय आधी बघा. दोन्ही एका दुपारी कोंबू नका.

टायपिंग शिकलेल्या पिढीसाठी एक आडवळण. आज आपण वापरतो त्या क्वर्टी कळफलकाचा जन्म मिलवॉकीतला. क्रिस्टोफर शोल्स आणि त्याच्या साथीदारांनी १८६८ मध्ये इथे टाइपरायटरचं पेटंट घेतलं, पुढे हे यंत्र रेमिंग्टन कंपनीने बनवलं. मराठी टायपिंगच्या परीक्षेला ‘रेमिंग्टन’वर बोटं आपटलेल्या काका-काकूंना हे सांगा, चेहरा बघण्यासारखा होतो.

रविवार: दक्षिणेकडे

आज चाकं लागतील. उबर किंवा अर्ध्या दिवसाची भाड्याची गाडी.

पहिला थांबा विस्कॉन्सिन अव्हेन्यूवरचा पॅब्स्ट मॅन्शन. बिअरसम्राट फ्रेडरिक पॅब्स्टचा हा वाडा १८९२ मध्ये पुरा झाला. पॅब्स्ट आधी तळ्यावरच्या आगबोटीचा कप्तान होता, लग्न भट्टीमालकाच्या घरात झालं आणि धंदा बदलला. लाकूडकाम बघण्यासारखं आहे.

तिथून सोळाव्या रस्त्याच्या लांब पुलावरून दक्षिणेला जा. हा पूल सावकाश पार करा. मिलवॉकी हे अमेरिकेतल्या सर्वांत वंशविभक्त शहरांपैकी एक. १९६७ साली पुलाखालच्या मेनोमनी नदीच्या खोऱ्याच्या उत्तरेला काळ्यांची वस्ती होती, दक्षिणेला गोऱ्यांची, आणि घर कुठे घ्यायचं हे कातडीवर ठरत होतं. त्या ऑगस्टमध्ये जेम्स ग्रॉपी हा कॅथलिक पाद्री आणि काळे तरुण हा पूल ओलांडून दक्षिणेत मोर्चा घेऊन गेले. पलीकडे दगड-बाटल्या घेतलेले हजारो लोक वाट बघत होते. मोर्चे २०० रात्री चालले. पुलाला आता ग्रॉपींचं नाव आहे. हा इतिहास नीट समजून घ्यायचा असेल तर उत्तरेकडे अमेरिकाज ब्लॅक होलोकॉस्ट म्युझियम आहे. जमावाच्या फाशीतून वाचलेल्या जेम्स कॅमेरन यांनी ते १९८८ मध्ये सुरू केलं.

पूल उतरलात की मेक्सिकन वस्ती. एल रे या दुकानात ताज्या टॉर्टिया आणि जेवण मिळतं. शाकाहाऱ्यांनी राजम्याच्या वाटणात डुकराची चरबी आहे का ते विचारून घ्यावं.

मग सेंट जोसाफाट बॅसिलिका. १९०१ साली पुरं झालेलं हे घुमटाचं चर्च पोलिश कामगारांनी उभारलं, तेही जुन्या मालातून. शिकागोतलं टपाल आणि जकातीचं कार्यालय पाडलं जात होतं. या चर्चच्या गरीब मंडळीने त्याचे दगड, खांब, दरवाजे विकत घेतले आणि सुमारे पाचशे मालडब्यांतून इकडे आणले. दरवाज्यांच्या मुठींवर अजून अमेरिकन खजिन्याचं चिन्ह आहे म्हणतात, शोधायला हरकत नाही. रविवारी प्रार्थनेच्या वेळा सोडून जा, आत गेल्यावर आवाज खाली.

पाऊस असेल तर यातलं काहीतरी गाळून मिचेल पार्कचे तीन काचघुमट धरा. एकात वाळवंट, एकात उष्ण कटिबंधाचं रान, तिसऱ्यात बदलती प्रदर्शनं. केळी आणि पपई बघून आई खूश होतात.

शेवट लिऑन्समध्ये. १९४२पासूनचं हे निऑन दिव्यांचं फ्रोजन कस्टर्डचं दुकान. कस्टर्ड म्हणजे दाट आइसक्रीम, पण त्यात अंड्याचा बलक असतोच, नियमानेच असावा लागतो. अंडं न खाणाऱ्या माणसाच्या हातात कप देण्याआधी हे सांगा.

परत निघताना

चीज कर्ड घरी न्यायचे असतील तर रविवारीच घ्या. ताजा कर्ड दाताखाली रबरासारखा चिरचिरतो, फ्रिजमध्ये गेला की एक-दोन दिवसांत ते थांबतं. मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद ठेवला की थोडं परत येतं. शाकाहाऱ्यांनी पाकिटावर रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध घट्ट करणारा पदार्थ, प्राण्यापासूनचं की वनस्पतिजन्य ते बघावं. विमानाने जाणार असाल तर विमानतळावर जुन्या पुस्तकांचं दुकान आहे, रेनेसान्स नावाचं, त्यासाठी अर्धा तास जास्त ठेवा. रेल्वेने जाणाऱ्यांनी रविवार संध्याकाळची गाडी टाळून दुपारची धरावी, संध्याकाळच्या गाडीत एकत्र चार जागा मिळणं कठीण जातं.